एकोणपन्नासचं घर

आमच्याकडे वाढदिवसाला केक कधी आला नाही. संध्याकाळी आई औक्षण करायची, तुपातला शिरा पुढ्यात यायचा, आणि चमचा उचलायच्या आत बाबा म्हणायचे, थांब, आधी तुझा आकडा घरी पोचवू. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या कुणाकडे असला प्रकार नव्हता. मैत्रिणींना सांगितलं तर त्या फिदीफिदी हसायच्या, म्हणून चौथीनंतर मी सांगणंच बंद केलं.

खेळ तसा साधा. बारा वर्षं पूर्ण झाली ना? मग बाराला विचारायचं, तू कोण? बारा सांगतो, मी दोन, दोन आणि तीन. म्हणजे ज्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने तो बनला, त्या. त्या लहानाकडून मोठ्याकडे अशा एकमेकींना चिकटवून लिहायच्या: २२३. झाला नवा आकडा. आता या दोनशे तेवीसला विचारायचं, तू कोण रे बाबा? त्याला कशानेच भाग जात नाही. तो म्हणतो, मी मीच. विचारल्यावर जो आकडा स्वतःचंच नाव सांगतो, तो घरी पोचला. मग शिरा खायचा.

काही आकडे एका पावलात पोचायचे, काही रखडवायचे. माझ्या दहाव्या वाढदिवसाला दहाने चांगलंच फिरवलं. दहाचे २५, पंचवीसचे ५५, त्याचे ५११, आणि मग कुठे ७७३. तोवर शिऱ्यावर तुपाचा थर आलेला आणि मी रडकुंडीला. हा खेळ बाबांना कुणी शिकवला, की त्यांनीच काढला, हे मी कधी विचारलं नाही. घरातल्या गोष्टी लहानपणी आपण विचारत नाही, त्या असतातच.

घर आलं की नाही, हे ठरवायची बाबांची एक रीत होती. दिवेलागणीला आमच्याकडे परवचा व्हायचा. शुभंकरोति, मग पाढे, दोनपासून तीसपर्यंत, रोज. बाबांच्या गावच्या शाळेत तीसपर्यंतच घ्यायचे, म्हणून आमच्या घरातही पाढे तीसवर संपायचे. एखादा आकडा घरी पोचलाय का, हे बघताना बाबा डोळे मिटून सात, अकरा, तेरा, सतरा करत एकोणतीसपर्यंत जायचे. त्यातल्या एकाच्याही पाढ्यात तो सापडला नाही, की पोचला. त्यांच्या शब्दावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. मुलुंडच्याच एका कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. लेथवरून उतरलेला प्रत्येक तुकडा त्यांच्या हाताखालून जायचा आणि केसभर जरी कमीजास्त असला तरी लाल रंगाच्या पेटीत पडायचा. मालकाने डोळे वटारले तरी त्यांनी कधी खराब माल पास केला नाही. त्या नोकरीचं त्यांना काय मिळालं म्हणाल, तर दोन वेळा अडलेलं प्रमोशन.

आई मालवणकडची. सातवी शिकलेली. मुंबईत वीस-पंचवीस वर्षं काढून तिची भाषा आमच्यासारखीच सरधोपट झाली होती, पण घाबरली किंवा फार खूश झाली की मालवणी बाहेर यायची. तिला भागाकाराशी घेणंदेणं नव्हतं. तिला तो आकडा कुणीतरी वाट चुकलेला पाहुणा वाटायचा. ओट्यापाशी उभी राहून ती विचारायची, "पोचलो काय?" आणि बाबा म्हणायचे, "पोचला." मग ती हात पुसत बाहेर यायची. माझ्या आठवणीतला आईचा सगळ्यात आनंदी चेहरा तो आहे, पदराला हात पुसत बाहेर येणारा.

आणि मी कशी होते म्हणाल, तर फटकळ. नाकावर राग आणि जिभेला हाड नाही, असं आई सगळ्यांना सांगायची, वर थोडं कौतुकानेच. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, गणित घेतलेलं, आणि वर्गात पहिली-दुसरी यायचे. चूक दिसली की ती मला बोलल्याशिवाय राहवत नसे. प्राध्यापकांना फळ्यापाशी जाऊन चूक दाखवली होती एकदा, आणि दिवसभर त्याच मस्तीत हिंडले होते.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आईला जिना चढताना धाप लागायला लागली. आधी आम्ही वजनावर ढकललं, मग वयावर. शेवटी एका मोठ्या इस्पितळात दाखवलं, तर हृदयातली एक झडप लहानपणीच्या तापाने आखडली होती. ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. बाबांना आणि मला बाजूला घेऊन डॉक्टरांनी जे सांगितलं, त्यात 'शक्यता' हा शब्द फार वेळा आला. बाहेर आल्यावर बाबांनी मला बजावलं, आईला यातलं काही कळता कामा नये. तिला सांगायचं, साधी गोष्ट आहे, दहा दिवसांत घरी.

मग दहा-बारा दिवस त्या वॉर्डमध्ये मी नुसतं खोटं ऐकलं. माझी मावशी खोटं बोलायची, नर्स खोटं बोलायची, शेजारच्या खाटेवरची वेसाव्याची कोळीण तर स्वतः ऑपरेशनची वाट बघत असून आईला धीर द्यायची. आणि बाबा, ज्यांनी जन्मात खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं, तेही हसत हसत म्हणायचे, अगं, आजकाल हे दात काढण्यासारखं झालंय. मला त्यांचा भयंकर राग यायचा. खरं तर मी घाबरले होते. पण एकोणिसाव्या वर्षी भीती आणि राग यांतला फरक कुणाला कळतो? मला तरी कळला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईचा वाढदिवस आला. एकोणपन्नास पूर्ण. भेटायची वेळ चार ते सहा. शिरा द्यायला परवानगी नव्हती, औक्षणाचा तर प्रश्नच नव्हता. बाबांनी एक्स-रेच्या मोठ्या पिवळ्या पाकिटाची मागची बाजू पुढे घेतली, खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, "चला, एकोणपन्नासला घरी पोचवू."

आई उशीला टेकून बसली. कोळीण कुशीवर वळून बघायला लागली. एकोणपन्नासला विचारलं, तू कोण? सात आणि सात. सत्त्याहत्तर. तू कोण? सात आणि अकरा. सातशे अकरा. तू कोण? तीन, तीन आणि एकोणऐंशी. ३३७९. बाबांनी डोळे मिटले आणि पाढे म्हणायला लागले. ओठ हलत होते. सात नाही, अकरा नाही, तेरा नाही. त्यांना इतका वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. एकोणतीसचं झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"पोचलो काय?" आईने विचारलं.

"पोचला," बाबा म्हणाले. "चौथ्याच घरात. बघ, उद्याचं कसं झकास होणार ते."

आई हसली. तेवढं हसणंही तिला दमवायचं, पण हसली. आणि ते बघून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या डोक्यात भागाकार चालू झाला होता. तिनाच्या पुढे तीन, एकतीस एके एकतीस, उरले दोन, त्यात सात घेतले सत्तावीस, एकतीस शून्ये शून्य, नऊ घेतले, दोनशे एकोणऐंशी, एकतीस नव्वे दोनशे एकोणऐंशी. बाकी काही नाही. कॉलेजात हे शिकले होते मी: आकडा नऊशे एकसष्टच्या आतला असेल तरच तीसपर्यंतचे पाढे पुरतात. त्याच्या पुढे पुरत नाहीत. इतकी साधी गोष्ट.

"बाबा, एकतीसने जातो," मी म्हणाले. "एकतीस गुणिले एकशे नऊ. हे घर नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तीसच्या पुढे आपण जात नाही," ते हळूच म्हणाले.

"आपण जात नाही. आकडा जातो."

अर्धा क्षण मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं. इतक्या दिवसांत त्या वॉर्डमध्ये कुणीतरी एक खरी गोष्ट बोललं होतं आणि ते मी होते. मग आईचा चेहरा दिसला. ती माझ्याकडे बघत नव्हती, पिवळ्या पाकिटाकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तू नीघ आता. गॅसवाला आज येतो म्हणाला होता. सिलिंडर परत नेला तर महिनाभर रॉकेलवर बसाल." माझे हात तिच्या हातात होते की नव्हते, हे मला आठवत नाही. मी खूप वेळा आठवून पाहिलंय. बाबा सहाच्या घंटेपर्यंत थांबणार होते. मी निघाले. सिलिंडर आला, मी सही केली, वरण-भात लावला.

दुसऱ्या दिवशी बाबा पहाटेच गेले. मला म्हणाले, तू तिचे धुतलेले कपडे आणि मागाहून द्यायला सुंठीचा काढा घेऊन नऊपर्यंत ये, तोवर तिला आत नेत नाहीत. मी पावणेनऊला पोचले. तिला आठलाच नेलं होतं. आणि साडेअकराच्या सुमाराला एक तरुण डॉक्टर बाहेर आला, आणि त्याने बाबांना बाकावर बसायला सांगितलं. बसा म्हटल्यावर मला सगळं कळलं. काढ्याची बाटली संध्याकाळपर्यंत माझ्या हातातच होती, मावशीने ती काढून घेतली.

म्हणजे आईने माझ्या तोंडून शेवटी काय ऐकलं, तर हे घर नाही.

पुढच्या दिवसांचं काही सांगत नाही. सगळ्यांच्या घरी असतात तसेच ते गेले. परवचा बंद झाला. माझा विसावा वाढदिवस आला तेव्हा बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि कारखान्यात गेले. वीसचा आकडा कुणी विचारला नाही. आम्ही दोघं एकमेकांशी नीट बोलायचो, भाजी काय करायची, दुधाची कूपनं संपली, असं. पण एकतीस हा शब्द आमच्या घरात निघाला नाही. वर्षात एकतीस तारखा सात येतात. त्या दिवशी बाबा कॅलेंडरकडे बघत नाहीत, असं मला वाटायचं. कदाचित मीच बघत नसेन.

आईचं भूत वगैरे मला कधी दिसलं नाही. दिसली असती तर बरं झालं असतं, पाय धरले असते. मला आकडे दिसायचे. बसचा नंबर, रेशन दुकानाच्या पावतीवरचा नंबर, परीक्षेचा बैठक क्रमांक, सगळे समोर येऊन उभे राहायचे आणि मी त्यांना विचारायच्या आत सांगायला लागायचे, मी अमुक, मी तमुक. जेवताना, अंघोळ करताना. एकदा देवळात प्रदक्षिणा घालताना फरशा मोजल्या गेल्या आणि त्यांचे अवयव पाडूनच मी बाहेर आले. देवाला नमस्कार केला की नाही, कोण जाणे.

जुने वाढदिवसही मी परत तपासले. न तपासता राहवतंय कुठे? बाबांचे बावन्न खरंच पोचले होते, २२१३ला. माझे बरेचसे बरोबर निघाले. पण आईचे अठ्ठेचाळीस आम्ही २२२२३वर थांबवले होते, आणि तो एकाहत्तरने जातो. तिथेही बाबा तीसवर थांबले होते. त्या संध्याकाळी आईने दोनदा शिरा घेतला होता. ते आठवलं आणि मी वही मिटून टाकली.

पण एकोणपन्नास सुटेना. महिन्याभरात मी तो पुढे न्यायला लागले. का, ते नीट सांगता येणार नाही. इतकंच वाटायचं, की कुठेतरी त्याचं खरं घर असेल. ते सापडलं तर त्या दिवशी मी जे बोलले ते वाटेतलं एक पाऊल ठरेल. नुसतं एक पाऊल, तोडून टाकणारं वाक्य नाही. वेडेपणा होता हा, मला तेव्हाही कळत होतं. पण कळून कुठे काय थांबतं?

३१ आणि १०९ चिकटवले. ३११०९. हा तर पटकन फुटला, तेरा आणि दोन हजार तीनशे त्र्याण्णव. १३२३९३ तिनाने गेला. ३४४१३१चे तीन तुकडे झाले, १७३१६५३चे चार. ७११४३५२३ला मैत्रिणीच्या भावाने आखातातून आणलेला कॅल्क्युलेटर मी आठ दिवस मागून घेतला. त्याच्या पडद्यावर आठच आकडे मावायचे, आणि हा नेमका आठ आकड्यांचा होता. अकरा, पुन्हा अकरा, पाचशे सत्त्याहत्तर, एक हजार एकोणीस. पुढचा आकडा अकरा आकड्यांचा. कॅल्क्युलेटरने हात टेकले, मी परत कागदावर आले. तो तीनशे अकराने फुटला आणि मागे उरला साडेतीन कोटींच्या वरचा एक ढिम्म तुकडा, ३५७४२०२९. त्यासाठी पावणेआठशेच्या वर मूळ संख्यांची यादी करून एकेकीने भागून बघावं लागलं. तोवर मी बीएस्सी झाले होते आणि घाटकोपरच्या एका शाळेत शिकवायला लागले होते. मोकळ्या तासाला स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून भागाकार करायचे. बाकीच्या बायकांना वाटायचं, पेपर तपासतेय. कशानेच गेला नाही तो तुकडा. अखंड. पण त्याला शेजारी तीनशे अकरा होता, म्हणजे हेही घर नव्हे. ३११ आणि ३५७४२०२९ चिकटवले, तो सातने गेला, सतराने गेला आणि पुढे राहिला २६१६४४८९१. सव्वीस कोटींच्या घरातला. याला तोडायचं किंवा अखंड ठरवायचं तर जवळजवळ एकोणीसशे मूळ संख्या लावून बघायला हव्या होत्या. मी रोज पाच-सहा करायचे. सहा हजारांपर्यंत पोचले आणि तिथे रेंगाळले.

आई गेल्याला चार वर्षं होऊन गेली होती. मे महिन्यातल्या सुटीत एका दुपारी मी घरातली रद्दी काढली. बाबांच्या खाटेखाली कारखान्याच्या जुन्या पॅडांचा गठ्ठा होता, माल नापास केला की भरायच्या चिठ्ठ्यांचे ते पॅड. कोरे असतील तर शाळेत कामाला येतील म्हणून मी एक उचलला. पुढची बाजू कोरीच होती. मागे बाबांच्या अक्षरात, मराठी आकड्यांत, भागाकार होते. एकाखाली एक, कुठेही खाडाखोड नाही. पानांमागून पानं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तोच आकडा, २६१६४४८९१, आणि बाजूला मूळ संख्यांवर एकेक बारीक टिक. टिका नऊ हजार चारशेच्या पुढे गेल्या होत्या. माझ्याही पुढे.

मी तशीच फरशीवर बसले. आमचं घर ते केवढं, दीड खोली. मधे एक पडदा. चार वर्षं पडद्याच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला बाबा, एकाच आकड्यामागे, एकमेकांपासून लपून.

पाचला बाबा कामावरून आले. पॅड माझ्या मांडीवर बघून त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, खुर्चीवर बसले. मी माझी वही आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती चाळली. पहिल्यांदा म्हणाले काय, तर हाताने केलेल्या भागाकारात एवढं खोडू नये. मग मी विचारलं, कधीपासून. ते म्हणाले, ती गेली त्याच दिवसापासून.

माझा बांध तिथे फुटला. चार वर्षांचं सगळं बाहेर आलं, की मी बोलायला नको होतं, की तिचा चेहरा कसा झाला होता, की तिला मी काय ऐकवून आत पाठवलं. माझं रडून झाल्यावर बाबांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी मी निघून गेले. मग आईने पाकीट स्वतःच्या हातात घेतलं आणि विचारलं, "मगे फुडचो आकडो खंयचो?" बाबांनी सांगितलं, एकतीस हजार एकशे नऊ. तो पोचतो का, म्हणाली. बाबा म्हणाले, आत्ता डोकं चालत नाही, उद्या सकाळी करून आणतो. ती बरं म्हणाली. माझ्यावर रागावली नव्हती. उलट कोळणीला सांगत होती, की पोरगी बापाच्याही पुढे गेली. सकाळी बाबांना वॉर्डमध्ये सोडलं तेव्हा तिला स्ट्रेचरवर घेतलेलं होतं. भूल द्यायच्या आधीचं काहीतरी दिलं होतं, डोळे मिटत होते, तरी तिने बाबांचा शर्ट धरला.

"पोचलो काय, म्हणाली," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, पोचला. एकतीस हजार एकशे नऊ, हेच घर. मग तिने हात सोडला. हसत गेली गं ती आत."

आता ऐका मी काय केलं ते. चार वर्षं जे माझ्या छातीवर बसलं होतं ते त्या माणसाने एका वाक्यात उचलून घेतलं होतं. आई माझा एकतीस घेऊन गेली नव्हती. हसत गेली होती. मला सुटल्यासारखं झालं, अक्षरशः श्वास मोकळा झाला. आणि त्या मोकळ्या श्वासातून माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे:

"पण बाबा, तो तर तेराने जातो."

बाबांनी मान हलवली. "माहीत होतं. पहाटे घरून निघायच्या आधीच गेला होता तेराने." त्यांनी पॅड उचलला, कडा जुळवून नीट केला. "म्हणून तर करतोय. कुठे ना कुठे पोचेलच तो. मग मी खोटं बोललो असं होणार नाही. आधी सांगितलं, एवढंच होईल."

मग ते उठले आणि चहाचं आधण ठेवलं. माझा चहा त्यांनी बिनसाखरेचा केला, मला तसाच लागतो. आम्ही चहा प्यायलो. नंतर आम्ही दोघांनी उरलेली यादी वाटून घेतली, खालच्या संख्या माझ्याकडे, वरच्या त्यांच्याकडे, आणि दर रविवारी ताडून बघायचो. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, बापलेकीचं किती जमतंय. जमतही होतं. मोतीबिंदूने त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा मी आकडे वाचून दाखवायचे आणि ते तोंडी भाग लावायचे. सव्वीस कोटींचा तो तुकडा अखंडच निघाला, त्याच्या आधी सात आणि सतरा चिकटवून बारा आकड्यांचा नवा आकडा उभा राहिला, आणि तो पुरता सुटायच्या आधीच, दशक संपता संपता, बाबा गेले.

फार वर्षांनी माझ्या एका विद्यार्थिनीने मला सांगितलं, की जगात पुष्कळ लोक हाच खेळ खेळतात, आता मोठमोठ्या संगणकांवर. शंभराच्या आतले सगळे आकडे म्हणे घरी पोचले. फक्त एकोणपन्नास नाही, आणि त्याच्याच वाटेवरचा सत्त्याहत्तर नाही. दोनशेहून जास्त आकडी संख्या होऊन बसलीय, तरी अजून घर नाही. ती मुलगी फार खुशीत सांगत होती. मी तिला वा म्हटलं आणि फळा पुसायला घेतला.

बाबांना हे कळलं नाही, ते एक बरं झालं. पण त्यांना कळायला हवं होतं ते दुसरंच होतं, आणि ते सांगणारी मी एकटीच होते. त्या संध्याकाळी, ते पॅडच्या कडा जुळवत होते तेव्हा, मी म्हणायला हवं होतं, बाबा, बरं केलंत. खोटं बोललात ते फार बरं केलंत. त्यानंतर किती रविवार आम्ही समोरासमोर बसलो. दर रविवारी वाटायचं, आज म्हणू. आणि दर रविवारी मी त्यांना पुढची संख्या वाचून दाखवली.